माहिती खरी, पण ती कधीची?

आमच्या वस्तीतल्या विहाराची सहल दरवर्षी निघते. कधी कान्हेरीला, कधी कार्ल्याला. सकाळी निघायचे आणि रात्री घरी यायचे. २०२३ साली मात्र महिला मंडळाने हट्टच धरला, "भाऊ, एकदा अजिंठा-वेरूळ दाखवा. पुढे गुडघे साथ देणार नाहीत." व्यवस्था आमच्या गळ्यात पडली, कारण आम्ही कचेरीत कारकून आणि वर बी.कॉम. झालेले. माणसे सतरा. त्यांत पाच मुले आणि चार ज्येष्ठ. कोणी धुणीभांडी करणाऱ्या, कोणी नाक्यावर उभे राहणारे. प्रत्येकाने दर महिन्याला शंभर-दीडशे रुपये बाजूला टाकून वर्गणी भरलेली. अशा पैशाचा हिशेब चुकवून चालत नाही.

पूर्वी अशा वेळी आम्ही एस.टी. डेपोच्या चौकशी खिडकीवर जात असू. आता मोबाईल आहे. कचेरीतल्या एका मुलाने अर्ध्या तासात सारे काढून दिले आणि आम्ही ते वहीत उतरवून घेतले. स्टेशनजवळ एक यात्री निवास मिळाले. खोलीचे भाडे चारशे रुपये, चार माणसे, सकाळी गरम पाणी, शिवाय सुंदर फोटो. दिलेला फोन लागेना. आम्हाला वाटले, लाईन बिझी असेल.

पहिला फटका तिकीट काढतानाच बसला. आमच्या वहीत ज्येष्ठांची रेल्वे सवलत लिहिलेली होती. ती तर मार्च २०२० मध्येच बंद झाली होती. चौघांचे जादा पैसे आम्ही खिशातून भरले. तरीही आम्ही शहाणे झालो नाही. त्याच वहीतली बाकीची माहिती पुन्हा तपासून पाहावी, हे काही सुचले नाही.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी गाडी दोन तास उशिरा पोचली. रात्री अकराला छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, उतरलो. पत्ता शोधत गेलो तर तिथे फर्निचरचे दुकान, आणि शटर खाली! कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, "साहेब, ते बंद होऊन चार-पाच वर्षं झाली. तुमच्यासारखे लोक अजून येतात."

ते वाक्य आजही टोचते. थंडी होती. मुले बोचक्यांवर झोपून गेली. शहात्तर वर्षांच्या एक मावशी आम्हालाच धीर देत म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ, रात्र काय, जाते निघून." ती रात्र आम्ही फलाटावर काढली. सकाळी विचारत विचारत एका विहारात गेलो. तिथल्या उपासकांनी जयभीम करून चहा दिला आणि दोन दिवसांसाठी हॉल उघडून दिला. त्यांच्यामुळे सहल वाचली.

शनिवारी विश्रांती घेतली आणि संध्याकाळी मुलांना नागसेनवनात नेले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय त्यांनी बाहेरून का होईना, डोळे भरून पाहिले. रविवारी अजिंठा. स्टँडवर दुसरी गंमत झाली, पण या वेळी आमच्या फायद्याची. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे लागते आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. आमच्या वहीत याचा पत्ताच नव्हता. मावशींनी आधारकार्ड दाखवले आणि ऐटीत खिडकीशी बसल्या.

सुमारे शंभर किलोमीटरवर फर्दापूरजवळचा फाटा लागतो. तिथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर दुसऱ्या बसने जावे लागते. अजिंठ्याची लेणी तीस. सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाच्या भव्य मूर्तीपुढे मावशी किती तरी वेळ हात जोडून बसल्या. त्यांना उठा म्हणायला कोणाची जीभ रेटली नाही.

दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव कोरलेले आहे, आणि खाली तारीख, २८ एप्रिल १८१९. लेण्यावर नाव कोरणे वाईटच. पण ते नाव आज आपल्या डोक्याच्या बरेच वर दिसते, कारण तेव्हा लेणे दगडमातीने भरलेले होते आणि तो त्या ढिगावर उभा होता. तारीख असल्यामुळे आपल्याला कळते की तेव्हा जमीन कुठे होती आणि आज कुठे आहे. आमच्या वहीतल्या माहितीला नेमकी हीच तारीख नव्हती.

कचेरीत तारीख नसलेले व्हाउचर आम्ही पास करत नाही. मग सतरा माणसांच्या सहलीची माहिती तारखेवाचून कशी पास केली? भगवंतांनी कालामांना सांगितले की केवळ ऐकीव आहे म्हणून मानू नका. मोबाईलवरचे तरी दुसरे काय असते?

जुनी माहिती वाईट असते असे नाही. ह्युएन त्संगने सातव्या शतकात लिहून ठेवलेले प्रवासवर्णन हाती धरून कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकात बौद्ध स्थळे शोधली. डोंगर, नद्या, लेण्यांचे आकडे बदलत नाहीत. सुट्टीचे वार क्वचित बदलतात. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, एवढे आमच्या वहीत बरोबर होते, म्हणून सोमवारी वेरूळही नीट पाहून झाले. पण भाडे, गाडीची वेळ, फोन नंबर, मुक्कामाची जागा हे सारे भाजीसारखे असते. ते ताजेच घ्यावे.

पानावर वरती यंदाचे वर्ष टाकलेले असते, त्यालाही भुलू नये. आतले दर वाचावेत. लेण्यांचे भारतीयांसाठीचे तिकीट दहा रुपये लिहिले असेल, तर तो मजकूर २०१६ च्या आधीचा समजावा. तीस लिहिले असेल तर २०१८ च्या आधीचा, कारण त्या वर्षी ते चाळीस झाले. रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी मिळते असे लिहिले असेल, तर ते नोव्हेंबर २०२४ च्या आधीचे. तेव्हापासून मुदत साठ दिवसांची झाली आहे. शहराचे फक्त जुने नाव असेल तरीही थोडे सावध व्हावे. लोकांचे अभिप्राय वाचताना सर्वांत नवे आधी लावून घ्यावेत. पाच वर्षांपूर्वीच्या शंभर कौतुकांपेक्षा गेल्या महिन्यातली एक तक्रार जास्त कामाची असते. आणि फोन लागला नाही तर ती लाईन बिझी नसते, ती सूचना असते. मुक्कामाच्या जागेशी प्रत्यक्ष बोलणे झाल्याशिवाय निघू नये. रेल्वेची चौकशी १३९ वर करावी, बसची डेपोत. आणि त्या गावातल्या एका तरी माणसाला विचारावे. आपल्या लोकांची ओळख नाही असे गाव महाराष्ट्रात सहसा सापडत नाही.

यंदा मंडळाचे नाशिकची पांडवलेणी पाहायचे ठरले आहे. वहीत आता एक रकाना वाढवला आहे: 'माहिती कोणाकडून, कोणत्या तारखेला'. तो रिकामा असला तर मावशी वही परत करतात.

हा लेख कोणी कापून ठेवणार असेल, तर वर अंकाची तारीख जरूर लिहावी. यातले दरही उद्या बदलतील.