आबांचा आकडा

आम्ही नरसी नामदेवचे. समुद्र आमच्या गावापासून पाचशे किलोमीटरच्या पुढे. कयाधू नदी पावसाळ्यात वाहते आणि उन्हाळ्यात तिच्यात वाळूच दिसते. अशा गावात बोटीच्या गोष्टी कोण सांगणार? पण आमच्या घरात दाराजवळच्या खिळ्याला एक लोखंडी आकडा टांगलेला आहे. मूठ लाकडी, हाताच्या घामाने काळी झालेली. तो मुंबईच्या गोदीतला आहे, आणि बोटीच्या गोष्टी आम्ही त्याच्यामुळेच ऐकल्या.

१९७२ च्या दुष्काळात आमचे वडील, आबा, मुंबईला गेले. रे रोडच्या झोपडपट्टीत गाववाल्यांच्या ओळखीने पथारी टाकली. आधी गोदामात हमाली केली, मग बदलीवर टोळीत लागले आणि पुष्कळ वर्षांनी कायम झाले. काम एकच. बोट धक्क्याला लागली की तिच्या पोटात उतरायचे, पोत्यात आकडा रुतवायचा, पोते ओढून जाळीत रचायचे, क्रेनने उचलले की पुढचे. गहू, साखर, खत, कापसाच्या गाठी. एकेक बोट आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस रिकामी होत नसे. खताच्या बोटीवर काम असले की आबांचे डोळे चार दिवस लाल असत.

एका मालाला मात्र आबा आकडा लावत नसत. पुस्तकांचे खोके आले की ते हाताने उचलायचे. टोळीतले हसायचे. त्यामागची गोष्ट आबांनी आम्हांला कितीदा सांगितली असेल! १९१७ साली बाबासाहेब लंडनचे शिक्षण अर्धे टाकून मुंबईला परतले, तेव्हा महायुद्ध चालू होते. बाबासाहेब एका बोटीने आले आणि त्यांची पुस्तके-सामान दुसऱ्या बोटीने निघाले. ती बोट पाणतीराने बुडाली. त्या सामानाची नुकसानभरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले, तेव्हा कुठे घरी थोडे पैसे ठेवून त्यांना बडोद्याच्या नोकरीवर जाता आले. आबा शाळेत फक्त चौथीपर्यंत गेले होते, पण ती पुस्तके बुडाली याचे दुःख त्यांना घरातले माणूस गेल्यासारखे होते.

दुसरी गोष्ट १४ एप्रिलची. जयंतीच्या दिवशी गोदीतले म्हातारे कामगार आधी बाबासाहेबांना वंदन करत आणि मग १९४४ च्या मेलेल्यांची आठवण काढत. त्या वर्षी नेमक्या याच तारखेला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोटीचा स्फोट झाला. तिच्यात दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठीही होत्या. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. कामगार आणि आसपासची माणसे तर शेकड्यांनी मेली.

आता ज्या गोष्टीने आबांचे काम गेले ती सांगतो. १९५६ साल आपल्या समाजाला कशासाठी पाठ आहे हे सांगायला नको. धम्मदीक्षेच्या साडेपाच महिने आधी, २६ एप्रिल १९५६ ला, अमेरिकेत मॅल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्याने एका जुन्या तेलवाहू बोटीवर लोखंडी डबे चढवून पाठवले. डबे फक्त ५८. नेवार्कहून ह्यूस्टनला. सुटा माल हाताने चढवायला टनामागे पावणेसहा डॉलरच्या आसपास खर्च येई, डब्यात तोच खर्च सोळा सेंटच्या आसपास आला. शंभराच्या जागी तीन रुपये म्हणा ना! माल कारखान्यात डब्यात भरायचा, कुलूप लावायचे आणि दुसऱ्या देशातल्या गोदामात उघडायचे. मध्ये ट्रक, रेल्वे, बोट काहीही बदलो, पोत्याला माणसाचा हात लागत नाही. आठवड्याचे काम दिवसावर आले.

मुंबईसमोर खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले ते या डब्यांसाठीच. त्याच्या जमिनीसाठी उरणच्या शेतकऱ्यांनी १९८४ मध्ये छातीवर गोळ्या झेलल्या, पाच जण गेले, हेही विसरू नये. तिकडे डबे वाढले तसे इकडे आबांच्या धक्क्यावर बोटी कमी झाल्या. नव्वदच्या दशकात भरती बंद, स्वेच्छानिवृत्तीचे कागद. "तुमच्या जागी थोरल्याला लावू," असा शब्द एकाने आबांना दिला होता. त्या शब्दावर थोरल्याने आयटीआयचा फॉर्म भरला नाही. तीन वर्षे वाट पाहिली. आबा पैसे घेऊन गावी आले आणि थोरला वाशीत दुसऱ्याचा टेम्पो चालवू लागला.

ओझे गेले याचे आम्हांला वाईट वाटत नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गाडले गेले. त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या त्या आमच्याच गावच्या नामदेवांनी. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरचा आपला ग्रंथ ज्या तिघांना अर्पण केला त्यांत चोखोबा आहेत. ओझ्याखाली मरणे आपल्या वाट्याला फार झाले. ते लोखंडाने उचलले तर बरेच झाले. आमचा सवाल एवढाच, की पावणेसहा डॉलरमधले जे साडेपाच वाचले त्यांतला एक पैसा टोळीच्या घरी का आला नाही? थोरल्याला यंत्र चालवायला का कोणी शिकवले नाही?

आणि डबा आमच्या मागे नरसीपर्यंत आला. आम्ही दीड एकर बटईने हळद करतो. काढायची, शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची. हिंगोली-वसमतची हळद परदेशी जाते ती डब्यातून. एका डब्यात साधारण वीस टन, म्हणजे पन्नास किलोची चारशे पोती. मार्च २०२१ मध्ये ऐन हंगामात सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' नावाची चारशे मीटर लांबीची बोट आडवी झाली. हळद घेऊन गेलो तर व्यापारी म्हणाला, "बोट अडकली, डबे मिळत नाहीत, भाव उतरला." सहा दिवसांनी, २९ मार्चला, बोट निघाली. रेडिओवर ऐकून माय त्याच्याकडे गेली. "निंघाली म्हनतेत बोट. आता वाढव की भाव!" तो हसला. भाव वाढला नाही.

थोरल्याची मुलगी शिकली. आज ती उरणकडे एका यार्डात संगणकावर डब्यांच्या नोंदी ठेवते. हळदीचा डबा दिसला की कुठल्या देशी चालला ते फोनवर सांगते. बांगलादेश, अमेरिका, अरबस्तान. गेल्या खेपेला आली तेव्हा आकडा मागत होती, यार्डात पोरींना दाखवते म्हणाली. आबा जाऊन वर्षे झाली, पण माय तो आकडा हंगामात अजून वापरते, हळदीची पोती ओढायला. मुठीवरून हात फिरवत माय म्हणाली, "हळद निघू दे बाई, मग ने."