क्राइस्टचर्चमधून ट्युरिंगचा शोध

जॅक कोपलंड हे मुळात तर्कशास्त्राचे अभ्यासक. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी डॅना स्कॉट यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. स्कॉट हे अलॉन्झो चर्च यांचे विद्यार्थी, आणि ॲलन ट्युरिंग यांनीही 1938 मध्ये प्रिन्स्टनला चर्च यांच्याच हाताखाली प्रबंध पुरा केला होता. म्हणजे ट्युरिंग हे कोपलंड यांच्या गुरूंचे गुरुबंधू. 1985 मध्ये कोपलंड न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायला आले आणि तिथे राहूनच संगणकाच्या इतिहासाकडे वळले.

हा विषय न्यूझीलंडला अगदी परका नव्हता. पुढे ऑकलंड विद्यापीठात प्राध्यापक झालेले ब्रायन कार्पेंटर आणि बॉब डोरन यांनी 1977 मध्येच ट्युरिंग यांच्या ‘एस’ या संगणकाच्या विस्मृतीत गेलेल्या आराखड्यावर लेख लिहिला होता. कोपलंड यांनी ट्युरिंग यांची कागदपत्रे संग्रहित केली आणि 2004 मध्ये ‘द इसेन्शियल ट्युरिंग’ संपादित केले. पुण्यात शिकताना ट्युरिंग मला परीक्षेतल्या एका प्रश्नापुरतेच भेटले होते: अमर्याद लांबीची टेप आणि तिच्यावर मागेपुढे सरकणारे यंत्र. नोकरीसाठी क्राइस्टचर्चला आल्यावर हे पुस्तक हाती आले, आणि सांकेतिक संदेश उलगडणारा, प्रत्यक्ष संगणक रचणारा, सजीवांच्या आकारांचे गणित मांडणारा माणूस पहिल्यांदा एकसंध दिसला.

2006 मध्ये कोपलंड यांनी ‘कोलोसस’वर ग्रंथ संपादित केला. ब्रिटिश टपाल खात्यातले अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांनी बांधलेले हे इलेक्ट्रॉनिक यंत्र 1944 च्या सुरुवातीला ब्लेचली पार्क या संकेतभेदन केंद्रात जर्मन संदेशांवर चालू लागले. ते अनेक वर्षे गुप्त राहिल्याने पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचे श्रेय 1946 च्या अमेरिकन ‘एनियाक’कडे गेले. फ्लॉवर्स यांना त्यांचे स्थान मिळवून देणे हे या ग्रंथाचे मोठे काम आहे.

कोपलंड यांची सगळीच मते मान्य झालेली नाहीत. सहकारी डायान प्राउडफूट यांच्यासह त्यांनी 1999 मध्ये ‘हायपरकॉम्प्युटेशन’ची कल्पना मांडली; टेपवर चालणाऱ्या त्या ट्युरिंग यंत्राला न जमणारे गणन करणारी यंत्रे असू शकतील, असे तिचे सार. तर्कशास्त्रज्ञ मार्टिन डेव्हिस यांनी ती सपशेल नाकारली. मला डेव्हिस यांची बाजू अधिक पटते.

तर्कशास्त्र आणि इतिहास यांचा सर्वांत सुंदर मेळ 2016 मधल्या कामात दिसतो. मँचेस्टरमधल्या ट्युरिंग यांच्या प्रयोगशाळेतल्या संगणकाने वाजवलेल्या तीन धुना बीबीसीने 1951 मध्ये तबकडीवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. या यंत्रात एक भोंगा होता. त्याला पाठवलेला विद्युतस्पंद म्हणजे एक ‘टक’. असे टक भराभर, सारख्या अंतराने पाठवले की कानाला सूर ऐकू येतो. पण प्रत्येक आज्ञेला ठरावीक वेळ लागत असल्याने हे अंतर हवे तसे ठेवता येत नसे, आणि काही सूर त्या यंत्राला काढताच येत नसत. कोपलंड आणि संगीतकार जेसन लाँग यांना मुद्रणात नेमके असे अशक्य सूर आढळले. त्यावरून तबकडीचा वेग चुकल्याचे सिद्ध झाले. खरा वेग गणिताने काढून त्यांनी ध्वनी दुरुस्त केला. दुरुस्त मुद्रण मी पुन्हापुन्हा ऐकले आहे. ‘गॉड सेव्ह द किंग’चे ते घोगरे, थोडे बेसूर स्वर ऐकताना ट्युरिंग यांच्या प्रयोगशाळेत उभे असल्यासारखे वाटते.

असे काम शक्य झाले ते तबकडी कुणीतरी जपून ठेवली म्हणून. आपल्याकडेही मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ‘टिफ्रॅक’ हा संगणक बांधला, तो 1960 मध्ये सुरू झाला. त्यावर काम केलेल्यांच्या घरी जुनी टिपणे, छायाचित्रे, छिद्रित पट्ट्या असतील, तर त्या रद्दीत न टाकता एखाद्या अभिलेखागाराकडे सोपवाव्यात, ही त्यांच्या मुलानातवंडांना विनंती.