माझ्या पाच सवती

आमच्या वसईच्या घरी पहिल्यांदा येणारा पाहुणा चपला काढता काढता भिंतीकडे बघतो आणि हमखास विचारतो, "अरे वा, गिटार कोण वाजवतं?" मी काही बोलायच्या आत आमचे हे आतल्या खोलीतून ओरडतात, "गिटार नाही, बेस गिटार!" चाळीस वर्षं मी हा संवाद ऐकतेय. आता मीच पाहुण्यांना समजावून सांगते, की गिटारला सहा तारा असतात, हिला चार. आणि त्या एवढ्या जाड, की नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा कपडे वाळत घालायच्या तारांची गुंडाळी समजून मी ती मोरीजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवली होती!

अशा पाच बेस गिटारी आमच्याकडे होत्या. पाचही हातानं घडवलेल्या. एक भिंतीवर, बाकीच्या पलंगाखाली काळ्या पेट्यांत. चौथी घरात आली तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "सवत एक असली तर बाई भांडते तरी. तू चार-चार कशा गं सांभाळतेस?" पुढे पाचवी आली, ती बघायला त्या नव्हत्या.

हे व्यापारी जहाजावर इंजिनियर. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर आणि उरलेले दिवस ऑर्केस्ट्रात. लग्नं, गणपती, नवरात्र, जिथे बोलावणं येईल तिथे. राहुलदेव बर्मन यांच्याकडे बेस वाजवणारे टोनी वाझ हे ह्यांचं दैवत. मला मात्र सुरुवातीला कळायचंच नाही, की एवढ्या गोंगाटात ह्यांचं वाद्य नेमकं ऐकू कुठे येतं? मी तसं विचारलं, तर ह्यांनी रेडिओचा जाडा आवाज कमी करायची कळ फिरवली. गाणं चालूच होतं, पण मीठ न घातलेल्या आमटीसारखं. "हे गेलं ना, ते मी," असं म्हणाले. मी थोडीफार गाणं शिकलेली, माहेरून मिरजेचा तंबोरा घेऊन आलेली. तेव्हा मला उमगलं, की हा खर्ज आहे. तंबोऱ्याच्या शेवटच्या तारेसारखा. कोणी मुद्दाम ऐकत नाही, पण त्याच्याशिवाय कशाला टेकायचं ते कळत नाही.

पूर्वी हे काम माणसाहून उंच अशा डबल बेसकडे असायचं. तो उभ्यानं वाजवायचा आणि न्यायला टेंपो हवा. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी चार तारांची, गळ्यात अडकवता येणारी विजेवरची बेस बाजारात आणली. तिच्या मानेवर सतारीसारखे पडदे होते, म्हणून बोट ठेवलं की सूर नेमका लागायचा. गंमत म्हणजे फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ती कारखान्यात घाऊक बनू लागली, जगभर गेली. पुढे सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात आणि न्यूयॉर्कमध्ये काही कारागिरांनी उलटी वाट धरली. एकेक लाकूड निवडून, महिनोन्‌महिने खपून, एका वेळी एक बेस घडवायची. आमचे हे त्याच वाटेवरचे वेडे.

पहिली मात्र वसईतच घडली, १९८३ साली. जुन्या वाड्याचं सागवानी दार मोडलं होतं, त्यातून आमच्या ओळखीच्या सुतारानं फोटो बघून ती तयार केली. दिसायला देखणी, पण वर वर वाजवत गेलं की सूर उतरायचा. ह्यांनी बोटीवर बसून हिशेब केला. सुतारानं कुणाच्या तरी सांगण्यावरून जुना ठोकताळा वापरला होता. उरलेल्या तारेच्या लांबीचा अठरावा भाग सोडायचा आणि पडदा ठोकायचा. खरा आकडा अठरा नाही, १७.८१७ आहे! एवढ्याशा फरकानं चौतीस इंच तारेवर बारावा पडदा जेमतेम तीन मिलिमीटर सरकतो. पण तिथे वरचा षड्ज लागायला हवा, आणि कान तीन मिलिमीटर माफ करत नाही. ती बेस आम्ही कधी टाकली नाही. भिंतीवर टांगलेली आहे ती हीच.

मग १९८६ साली कोबेहून एक आली, एक हॅम्बुर्गहून. आणि १९८९ साली ब्रुकलिनची. तिचं नाव काढलं की अजूनही माझा आवाज चढतो.

ह्यांचं जहाज न्यूयॉर्कजवळच्या बंदरात लागायचं. तिथून हे ब्रुकलिनमधल्या एका छोट्याशा कारखान्यात जाऊन यायचे. तिथल्या कारागिरानं आधी लाकूड दाखवलं नाही, ह्यांचा डावा हात मागितला. पंजा ताणून मोजला, बोटांची लांबी टिपून घेतली. ह्यांची बोटं आखूड, म्हणून मान बारीक ठेवायचं ठरलं. ही मान एकाच फळीची नसते. तीन किंवा पाच पट्ट्या, रेषा उलटसुलट ठेवून चिकटवायच्या, म्हणजे पुढे ती पिळवटत नाही. थोडी तासायची, मग काही आठवडे तशीच ठेवायची. लाकडाला जे वाकायचं ते वाकू द्यायचं, आणि पुन्हा तासायची. बोटं फिरतात त्या पट्टीसाठी कारागिरानं एक काळपट जांभळी फळी काढली. ह्यांनी ती हुंगली आणि म्हणाले, "अहो, हे आमच्याकडचं!" खरंच होतं ते. शिसव! आमच्या आजीचा झोपाळा ज्याचा होता तेच. कर्नाटक-केरळच्या जंगलातलं शिसव जगभरच्या गिटारींना जातं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

हे सगळं पत्रातून वाचताना छान वाटलं. चौदा महिन्यांनी बेस घरी आली आणि किंमत कळली, तेव्हा मात्र छान वाटलं नाही. मी शाळेत शिक्षिका होते. माझ्या दोन वर्षांच्या पगाराएवढी रक्कम! आम्ही तेव्हा दोन खोल्यांत राहत होतो, मोठी जागा घ्यायची म्हणून मी रिक्षाचे पैसेसुद्धा वाचवत होते. त्याच महिन्यात मुलीला विषमज्वर झालेला, एकवीस दिवस मी एकटी. आणि हे आले ते तान्ह्या बाळासारखी पेटी छातीशी धरून. मी आठ दिवस बोलले नाही. जागा चार वर्षांनी झाली. ती चार वर्षं मी अजून विसरलेले नाही आणि ह्यांनीही कधी "विसर" असं म्हटलं नाही, एवढं खरं.

पण गंमत बघा, या सवतींची आई मलाच व्हावं लागलं. हे जायचे समुद्रावर, आणि जून उजाडला की वसईची हवा पिळून काढावी अशी ओली. तारा गंजतात, खुंट्या कडक होतात. सगळ्यात वाईट म्हणजे मान वाकते. चार तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात असतो. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या मानेला अहोरात्र लोंबकळतोय असंच समजा! त्याला तोलून धरायला मानेच्या पोटात पोलादी सळई असते आणि तिच्या टोकाशी किल्ली बसते.

ही किल्ली फिरवायला ह्यांनी मला पत्रातून शिकवलं. तार पहिल्या पडद्यावर एका हातानं दाबायची, शेवटच्या पडद्यावर दुसऱ्या हाताच्या कोपरानं, आणि सातव्या पडद्याशी बघायचं. तार आणि पडदा यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढीच फट हवी. जास्त असेल तर किल्ली उजवीकडे, फक्त पाव फेरा. मग एक दिवस थांबायचं. "घाई करू नकोस, लाकूड तुझ्यासारखं आहे, त्याला पटायला वेळ लागतो," असं ह्यांनी लिहिलं होतं. मी उत्तरात लिहिलं, "लाकडाला पटेल. माझं बघू."

पण दर पावसाळ्यात मी ते करत राहिले. दुधाच्या बिलाच्या वहीत मागच्या पानावर तारीख, फट आणि फेरा लिहून ठेवायची. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, शिसवाला वर्षातून दोनदा तेलाचा हात. १९९४ साली पाचवी आली, इंग्लंडहून, जुनी आणि बिनपडद्यांची. अमेरिकेच्या जॅको पास्टोरिअस यांनी आपल्या बेसवरचे पडदेच उपटून काढले होते, तेव्हापासून या जातीला भाव आला. ही मला मनातून आवडली. पडदे नाहीत म्हणजे मींड येते! कोणी घरात नसताना मी तिच्यावर हळूच सा लावून बघायची. हे आत्ता पहिल्यांदाच सांगतेय.

२०१५च्या सुमारास ह्यांच्या डाव्या तळहातात गाठ आली. हळूहळू करंगळी आणि अनामिका आत वळायला लागल्या. तळहाताच्या कातडीखालचा पापुद्रा जाड होऊन आखडतो आणि बोटांना ओढतो, असा हा आजार. शस्त्रक्रिया झाली, बोटं थोडी उघडली, दोन वर्षांत पुन्हा मिटली. ज्या हाताचं माप घेऊन ब्रुकलिनची मान तासली होती, तो हात आता तिच्याभोवती बसेना. ह्यांनी कधी तक्रार केली नाही. एके दिवशी जेवताना म्हणाले, "सगळ्या विकून टाकू."

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? माझ्या हातातला घास तसाच राहिला.

कोबेची, हॅम्बुर्गची आणि बिनपडद्यांची अशा तीन मुंबईतल्या वादकांकडे गेल्या, चांगल्या घरी पडल्या. ब्रुकलिनच्या बेससाठी परदेशातला एक संग्राहक मागे लागला होता. रक्कम ऐकून मला १९८९ आठवलं. पण २०१७च्या जानेवारीपासून साइट्स या आंतरराष्ट्रीय करारानं शिसवाच्या सगळ्या जाती नियंत्रणाखाली आणल्या होत्या. वाद्यात चिमूटभर शिसव असलं, तरी विकून देशाबाहेर पाठवायला कागदपत्रं हवीत. कोणत्या साली घेतली, लाकूड कुठलं, पुरावा काय? आमच्याकडे पुरावा म्हणजे माझी दुधाची वही! हे कागद जमवत राहिले, दिवस जात राहिले. तयार वाद्यांना त्या नियमातून सूट मिळाली ती २०१९च्या नोव्हेंबरात.

तोपर्यंत शेजारच्या इमारतीतली एक मुलगी आमच्याकडे यायला लागली होती. बारावीत होती, चर्चच्या वाद्यवृंदात बेस वाजवायची, दुसऱ्याची मागून. तिनं ब्रुकलिनची मांडीवर घेतली आणि तिची आखूड बोटं त्या बारीक मानेवर अशी बसली, की हे उठून गॅलरीत गेले. बऱ्याच वेळानं आले आणि म्हणाले, "अंगठा मागे ठेव. मधोमध." त्या रविवारपासून ती दर रविवारी येते. संग्राहकाला ह्यांनी काय कळवलं, मी विचारलं नाही.

गेल्या गणपतीत तिला पहिल्यांदाच मोठा कार्यक्रम मिळाला. "काका, नेऊ का?" असं तिनं विचारलं, आणि हे पेपरात बघत राहिले. बाहेर पाऊस. मी पेटी काढली, नव्या पुड्या घातल्या, प्लॅस्टिकचं आवरण चढवलं आणि म्हटलं, "ने."

रात्री साडेबारापर्यंत हे जागे. दर दहा मिनिटांनी, "आली का गं?" शेवटी ती आली, भिजलेली आणि रडवेली. बेसच्या पाठीवर बोटभर लांब ओरखडा पडला होता. "पट्ट्याचं बक्कल लागलं काका, मला कळलंच नाही." एवढ्या वर्षांत त्या पाठीवर साधा डाग नव्हता. ह्यांनी चष्मा लावून पाहिलं, वाकड्या करंगळीच्या कडेनं तो ओरखडा चाचपला. मग उठले, भिंतीवरची सागवानी उतरवली आणि उलटी करून तिच्यापुढे धरली. ऑर्केस्ट्राच्या दिवसांतल्या ह्यांच्या स्वतःच्या बक्कलचे ओरखडे, एकावर एक, सगळी पाठ खरवडलेली. दोघं ती पाठ बघत बसले.

मी पेटीत हात घालून पाहिला. अस्तर दमट लागत होतं. पेटी रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवायला सांगितली, आणि चहा टाकला.