भोंगा आणि वाटी

पहाटे पीटीची शिट्टी वाजते तेव्हा मी स्टाफ क्वार्टरच्या पायरीवर चहा घेत बसलेला असतो. शिट्टी कॅडेट्ससाठी असते, पण जाग सगळ्या आवाराला येते. दूधवाला, मेसचे कर्मचारी, आमची मुले, सगळ्यांचा दिवस तिच्यावरच सुरू होतो. मला याचे नवल वाटत नाही, कारण माझे सगळे बालपण भोंग्याच्या तालावर गेले.

मी मूळचा जबलपूरचा. १९५६ पर्यंत जबलपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे नोकरीसाठी तिकडे गेलेली मराठी घरे बरीच. माझे आजोबा असेच अमरावतीकडून गेले. बाबा तिथल्या एका आयुध निर्माणीत चार्जमन होते. जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची. दुसऱ्या महायुद्धात खमरियाची दारूगोळ्याची निर्माणी आली, १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी. सैन्याचे शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या इथे बनल्या. ८ एप्रिल २०१९ रोजी सैन्याच्या हवाली झालेल्या पहिल्या सहा धनुष तोफाही इथल्याच.

कारखान्याला लागून इस्टेट असे. तिच्यात क्वार्टर, शाळा, दवाखाना, बाजार, मैदान असे सगळे काही. पहिला भोंगा झाला की आई पोळ्या उरकायला घेई, दुसऱ्याला बाबांची सायकल रस्त्यावर. तो रस्ता तेव्हा सायकलींनी भरून जाई. आमच्या एका बाजूला उत्तर प्रदेशातले कुटुंब, दुसऱ्या बाजूला बंगाली, वर मल्याळी. दुर्गापूजेचा भोग आणि गणपतीची आरती आम्हा मुलांना सारखीच आपली वाटायची. १८ मार्चला, आयुध निर्माणी दिनी, प्रदर्शन लागे. बाबा एखाद्या यंत्राच्या भागावर बोट ठेवून म्हणत, "हा आमच्या शॉपमधला." त्या दिवशी आमची छाती फुगलेली असे.

पण जिथे काम तिथेच घर असले की कामावरचा हुद्दाही घरी येतो. कोणाचा पगार किती, हे क्वार्टरच्या टाइपवरून शेंबड्या पोरालाही कळे. साहेबांच्या मुलाला क्रिकेटमध्ये आऊट देताना आमचा अंपायरही क्षणभर थांबायचा.

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. शेजारचे चाचा बाबांच्याच शॉपमध्ये, त्यांच्या हाताखाली फिटर होते. एकदा ते सुरक्षेचा नियम मोडून मशीनवर काम करताना बाबांना दिसले. बाबांनी लेखी कळवले आणि चाचांना मेमो मिळाला. त्या संध्याकाळपासून शेजारचे दार बंद. आई आणि चाची यांच्यात रोज एक वाटी ये-जा करायची, कधी आमची भाजी, कधी त्यांची कढी. ती थांबली. त्यांचा मुलगा माझा जिवलग मित्र, तोही खेळायला येईना. शहरात राहणारी दोन माणसे असती तर सुटीनंतर आपापल्या मोहल्ल्यात गेली असती आणि राग हळूहळू निवला असता. इथे दूध घेताना, बाजारात, मैदानावर तीच तोंडे समोर. आई बाबांना म्हणाली, "तोंडी सांगून भागलं नसतं का?" बाबा म्हणाले, "त्यांचा हात गेला असता तर तुझी वाटी काय कामाची होती?"

पंधरा-वीस दिवस असेच गेले. एका रात्री आजीला धाप लागली. बाबा रात्रपाळीला होते. आईने क्षणभर विचार केला आणि तेच दार ठोठावले. चाचांनी आजीला उचलून स्कूटरवर बसवले, मागून आईने धरले, आणि इस्टेटच्या दवाखान्यात ते सकाळपर्यंत बाकावर बसून राहिले. पाळी संपवून बाबा धावत आले तेव्हा चाचा एवढेच म्हणाले, "साहब, मेमो अपनी जगह, अम्मा अपनी जगह."

बाबांनी मेमो मागे घेतला नाही. चाचांनीही तशी अपेक्षा केली नाही. वाटी मात्र दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली.

अशा वस्तीत माणूस परका राहत नाही, हे तिचे बळ. पण सगळ्यांचा आधार एकच असतो, हा तिचा धोका. मुंबईच्या गिरणगावाने तो भोगला. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार एकदमच थांबला. उसने मागायला शेजारी जावे, तर त्याचाही डबा रिकामा.

आमच्याकडे हा धक्का एकेका घराला बसायचा. निवृत्तीच्या दिवशी हार घालून बाबा घरी आले आणि त्यांची नोकरी, घर आणि शेजार एकदमच सुटायला लागला. ठरलेल्या मुदतीत क्वार्टर रिकामे करायचे होते. आम्ही रांझीत छोटे घर घेतले, चाचा त्यांच्या गावी गेले. पुढे बरीच वर्षे भोंगा झाला की बाबा उठून बसत आणि मग आठवे, की आता जायचे कुठेच नाही.

१ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ जाऊन सात कंपन्या झाल्या आणि जबलपूरचे कारखाने त्यांत वेगवेगळ्या ठिकाणी विभागले गेले. त्यानंतर मी एकदा आमची जुनी रांग पाहून आलो. आमच्या दाराला कुलूप होते, अंगणात गवत. चाचांच्या दारात मात्र कोणाची तरी छोटी सायकल उभी होती.

कॅडेट्सनो, तुमच्यातले बरेच जण पुढे छावण्यांत राहतील. ज्याला सकाळी हुकूम द्याल, त्याचे कुटुंब संध्याकाळी तुमच्या शेजारी असेल. सराव तर आत्ताच सुरू आहे. शिक्षा देणारा सीनियर तुमच्याच डॉर्मिटरीत झोपतो. माझ्या पेपरात नापास झालेला मुलगा संध्याकाळी माझ्याच अंगणात चेंडू शोधायला येतो. त्याचे गुण मी वाढवत नाही, पण चेंडू मात्र त्याच्यासोबत शोधतो. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी ठेवणे मी त्या दवाखान्याच्या बाकाजवळ शिकलो.

मलाही काही वर्षांनी हे क्वार्टर सोडायचे आहे. बाबा सध्या आमच्याकडेच असतात. पहाटेची शिट्टी झाली की आतून विचारतात, "पहिला झाला का रे?" मी म्हणतो, "झाला, बाबा." मग ते उठतात आणि आपल्या हाताने शेजारच्या काकूंची वाटी परत करायला जातात.