तोंडात तीळ

परवा भाचीचा फोन. शाळेत इंग्रजी वाक्प्रचार चाललेत. "मावशी, 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' म्हणजे काय गं?" म्हटलं, गुपित फोडणं. "मग मांजर कशाला?"

आली का पंचाईत! जुन्या बाजारात डुकराचं पिल्लू म्हणून पोत्यात मांजर बांधून गळ्यात मारत आणि पोतं उघडलं की लबाडी उघडी पडे, अशी गोष्ट सांगतात. मला नाही पटत. पोत्यातून 'म्याँव' आलं की गिऱ्हाईक काय समजायचं? या शब्दांचा जुना छापील वापर सापडतो तो 1760 सालच्या 'लंडन मॅगझिन'मधल्या एका पुस्तक परीक्षणात. तिथे ना बाजार, ना डुक्कर. 'स्पिल द बीन्स'चंही तेच. प्राचीन ग्रीक लोक म्हणे दाणे टाकून मतं देत, भांडं लवंडलं की निकाल आधीच फुटे. पण हा वाक्प्रचार रुळला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत. मधली दोन हजार वर्षं ते दाणे कुठे होते कोण जाणे!

तिला म्हटलं, आपल्याकडे यासाठी तीळ आहे. 'हिच्या तोंडात तीळ भिजत नाही.' बोलून गेले आणि आजी आठवली. आमच्या घरात हे वाक्य माझ्यासाठीच राखीव होतं.

मी तेव्हा नऊ वर्षांची. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर पट्टी. त्याच आठवड्यात तिचा धाकटा भाऊ गेला. रडली तर डोळ्याला अपाय होईल, म्हणून घरात सगळ्यांना तंबी. दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. तिने विचारलं, "बापूचं पत्र नाही का गं आलं?"

मी म्हटलं, "आता कसं येईल?"

आजी काहीच बोलली नाही. माझा हात मात्र इतका घट्ट धरला की बोटं दुखली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला कळलंय हे कुणाला सांगू नकोस हं. तुला ओरडतील."

पट्टी निघाल्यावर बाबांनी चाचरत तिला सांगितलं. तेव्हा ती रडली, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. मी दाराआड उभी होते. आठ दिवस ती रोज वेळेवर जेवली होती, आल्यागेल्याशी बोलली होती.

"आईला माहितेय हे?" भाचीने विचारलं.

नाही. आजी गेली, बाबाही गेले, कुणालाच नव्हतं माहीत. ताई, तू हे वाचशीलच. रात्री फोन कर.