पस्तीस जीबीची तूट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. घरातल्या लग्नामुंजींच्या चित्रफिती एका जागी ठेवाव्यात म्हणून मी हार्ड डिस्क आणली. सगळा ऐवज ४८० जीबी भरतोय, हे पुतण्यानं मोजून ठेवलं होतं. खोक्यावर छापलेलं ५००. म्हणजे वर एखादं बारसंही मावलं असतं. डिस्क जोडली, तर संगणक म्हणाला, ४६५!

"अहो, बाकीचे पस्तीस कुठे सांडले?" सौ.नं विचारलं. जणू मी ते रिक्षात विसरून आलो होतो.

"काका, कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, संगणक एक हजार चोवीसच्या," पुतण्या म्हणाला. "जीबीपर्यंत पोचेस्तोवर शंभरामागे सात गळतात. दोघंही आपापल्या जागी खरे."

दोघं खरे आणि खिसा माझा!

आमच्या लहानपणी दूधवाला फेसासकट माप भरायचा, तेव्हा आई त्याला फेस बसेपर्यंत दारात उभा करायची. अमेरिकेत हे काम कोर्टात झालं. तिथे एका गिऱ्हाइकाला ८० जीबीच्या डिस्कवर ७४ आणि थोडी चिल्लर एवढीच जागा दिसली. आपण 'जाऊ दे' म्हटलं असतं. त्यानं स्वतःच्या आणि आपल्यासारख्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या वतीनं वेस्टर्न डिजिटल कंपनीवर दावा लावला. कंपनीनं चूक काही कबूल केली नाही, पण २००६ साली तडजोड केली. २००७ मध्ये सीगेट कंपनीवरही तीच पाळी आली. तिनं किमतीचे पाच टक्के परत द्यायचे ठरवले, नाहीतर एक सॉफ्टवेअर फुकट.

वेस्टर्न डिजिटलच्या गिऱ्हाइकांना मात्र रोकड नव्हतीच, नुसतं सॉफ्टवेअर. कसलं? तर डिस्कवरच्या मजकुराची दुसरी प्रत काढून ठेवण्याचं! आता ती प्रत ठेवायची कुठे? अर्थात दुसऱ्या डिस्कवर. दूध कमी भरलं म्हणून गवळ्यानं विरजणाचं भांडं भेट द्यावं, त्यातली ही गत. वकिलांना फी आणि खर्चापोटी पाच लाख डॉलरपर्यंत मिळायचे होते. ते काही सॉफ्टवेअरच्या रूपानं नव्हे.

तरीपण, खोक्यावर हिशेबाचा खुलासा छापायचा, हेही त्या तडजोडीत ठरलं होतं. हे ऐकल्यावर मी माझं खोकं रद्दीतून काढलं, चष्मा पुसला. तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट, असं लिहिलं होतं खरं. म्हणजे सांगितलं नाही असं म्हणायचीही सोय उरली नव्हती.

राहता राहिला पंधरा जीबीचा प्रश्न. सौ.च्या मावसबहिणीचं लग्न सोळा जीबी भरत होतं, माझ्या आत्तेभावाचं सतरा. या दाव्याचा निकाल आमच्या स्वयंपाकघरात दोन मिनिटांत लागला.

आत्तेभावाला अजून कळवलेलं नाही.