आमच्या घराचे माळवद

कारवारकडची माणसे हुबळीस येऊन राहिली की त्यांना पहिले नवल वाटे ते इथल्या माळवदांचे. आमच्या मातोश्री अंकोल्याच्या, उतरत्या कौलांखाली वाढलेल्या. लग्न होऊन त्या जुन्या हुबळीतील आमच्या मातीच्या घरात आल्या, आणि पहिल्याच पावसाळ्यात घराच्या डोक्यावर हिरवे गवत उगवलेले पाहून त्यांना हसावे की रडावे तेच समजेना. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर काटक्यापाचोळा आणि त्यावर हातभर माती, अशा छपराखाली माणसे सुखाने झोपतात, यावर त्यांचा विश्वास बसण्यास दोन-तीन पावसाळे जावे लागले.

माळवदाचा स्वभाव मोठा मानी असतो. उन्हाळ्यात त्याच्याइतकी गार सावली दुसरे कोणतेही छप्पर देत नाही. परंतु त्याची वर्षातून एकदा विचारपूस करावी लागते. रोहिणी लागण्यापूर्वी वर चढून उन्हाने पडलेल्या भेगा बुजवायच्या, उंदरांची बिळे शोधायची, पांढऱ्या मातीचा नवा थर देऊन तो चोपायचा आणि पाण्याची वाट पन्हळीकडे वळवायची. हे काम आकाश निरभ्र असतानाच करावे लागते. पाऊस सुरू झाल्यावर माळवदावर चढणे म्हणजे ओल्या मातीत पाय रुतवून भोके वाढविणे होय.

हे काम करण्यास आमच्याकडे प्रतिवर्षी एक मुसलमान गवंडी येत. आम्ही मुले त्यांना चाचा म्हणत असू. ते आमच्या वडिलांना ‘रायरे’ म्हणत आणि मातोश्रींना ‘अव्वा’. डोक्यास पंचा गुंडाळून ते शिडीने वर चढत, आणि थोड्याच वेळात चोपण्याच्या ठेक्यावर एक कानडी पद खाली ऐकू येऊ लागे. घराचे माळवद गळते आहे, असे त्या पदात होते. माळवदाचे काम करणारा मनुष्य माळवदाचेच गाणे म्हणणार, यात आम्हांस काही विशेष वाटत नसे. जात्यावर ओव्या, तसे माळवदावर हे गाणे, अशी आमची बालसमजूत होती.

पुढे धारवाडास महाविद्यालयात गेल्यावर कळले की ते पद शिशुनाळच्या शरीफसाहेबांचे. शरीफ १८१९ मध्ये शिशुविनहाळ या खेड्यात जन्मले व १८८९ मध्ये निवर्तले. हे गाव तेव्हा धारवाड जिल्ह्यात होते. १९९७ पासून ते हावेरी जिल्ह्यात गणले जाते. हुलगूरच्या कादरी संताच्या आशीर्वादाने इमामसाहेब व हज्जूमा या दांपत्यास हा पुत्र झाला, असे परंपरा सांगते. काही काळ त्यांनी शाळेत मास्तरकी केली. पुढे कळस गावच्या गोविंद भट्टांना त्यांनी गुरू केले. ब्राह्मणाने मुसलमानास शिष्य करावे आणि मुसलमानाने ब्राह्मणाचे पाय धरावेत, हे दोन्हीकडच्या लोकांस रुचले नाही. भट्टांनी शिष्याच्या गळ्यात जानवे घातल्याची कथा आजही या भागात सांगतात. शरीफांच्या पदांतील मुद्रिका ‘शिशुनाळाधीश’ ही आहे, म्हणजे आपल्या गावच्या देवाचे नाव. त्यांच्या समाधीस गद्दिगे म्हणतात. तेथे हिंदू आपल्या रीतीने व मुसलमान आपल्या रीतीने हात जोडतात, आणि दरवर्षी जत्रा भरते.

हे सर्व जाणून घेतल्यावर त्या पदाचा अर्थही आम्हांस उमगला, किंवा तसे आम्हांस वाटले. घर म्हणजे हा देह, हे मन. आणि माळवद गळते ते अज्ञानामुळे. तुळया मोडकळीस आल्या आहेत, आत काळोख आहे आणि वर चढण्याचे बळ अंगी नाही, असे शरीफ आपल्या गृहिणीजवळ बोलावे तसे बोलतात. १९९० साली नागाभरण यांनी शरीफांवर चित्रपट काढला. गिरीश कार्नाडांनी त्यात गोविंद भट्टांचे काम केले होते, आणि सी. अश्वत्थ यांच्या चालींवर शरीफांची पदे घरोघर गेली. त्या सुमारास आमच्या देवळाच्या सभागृहात आम्हीही शरीफांवर एक व्याख्यान दिले. श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि शिशुनाळचे शरीफ यांची आम्ही तुलना केली. ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या शेख महंमदांचे गुरू चांद बोधले; एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही त्यांचेच शिष्य, अशी परंपरा आहे. हा धागा श्रोत्यांस फार आवडला. सभागृह भरलेले होते, टाळ्या पडल्या, आणि आम्ही प्रसाद घेऊन प्रसन्न चित्ताने घरी आलो.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगण्यास संकोच वाटतो. १९९४ च्या १५ ऑगस्टला ईदगाह मैदानावरील ध्वजारोहणाच्या वादातून आमच्या शहरात गोळीबार झाला, माणसे मेली, संचारबंदी लागली. कोणाचे किती चुकले, हे ठरविण्याची ही जागा नव्हे. त्यानंतर आमच्या घरात काय झाले तेवढेच सांगतो. पुढच्या वर्षी वैशाख आला, माळवदाचे दिवस आले. आणि चाचांना निरोप गेला नाही. त्यांना बोलावू नये, असे घरात कोणीही म्हटले नव्हते. वडील तेव्हा हयात नव्हते. निरोप धाडण्याचे काम आमचे होते. एक दिवस आम्ही म्हणालो, “यंदा वातावरण बरे नाही, पाहू.” दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. मग एका परिचिताने दुसरा मनुष्य पाठविला आणि काम उरकले. ज्या मनुष्याने तीस-पस्तीस वर्षे आमच्या डोक्यावरचे छप्पर राखले, त्याच्याविषयी आमच्या मनात शंका कोठून शिरली? ती त्या ऑगस्टात शिरली नसावी. भेग जुनीच असली पाहिजे. पाऊस पडला तेव्हा ती दिसली, इतकेच.

त्या श्रावणात माळवद गळले. नेमके मातोश्रींच्या खोलीत गळले. पत्र्याची पेटी भिजली म्हणून आम्ही ती उघडून लुगडी बाहेर काढू लागलो, तो तळाशी हिरव्या फडक्याची एक पुरचुंडी हाती लागली. तीत उदी होती आणि नारळाच्या शेंडीचे काही धागे होते. आम्ही विचारले तेव्हा मातोश्री बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी सांगितले ते असे. आमचा धाकटा भाऊ लहानपणी विषमज्वराने अंथरुणास खिळला होता. डॉक्टर येत होते, कुलदेवतेस सांगणे झाले होते, सिद्धारूढांच्या मठात त्या रोज जात होत्या. त्या दिवसांत माळवदावर काम करीत असलेले चाचा झरोक्यातून म्हणाले, “अव्वा, शिशुनाळच्या अज्जांना एक नारळ बोला.” त्या बोलल्या. भाऊ उठला. तेव्हापासून प्रतिवर्षी माळवदाचे काम संपले की त्या चाचांच्या हाती एक नारळ व पावशेर साखर देत, आणि ते गद्दिगेवर वाहून उदी आणून देत.

“मग आम्हांस कधी सांगितले का नाही?” आम्ही विचारले.

“माका लज दिसली,” मातोश्री म्हणाल्या. घरातली माणसे हसतील, देवळातल्या बायका नावे ठेवतील, म्हणून त्यांना लाज वाटली होती. क्षणभर थांबून त्या पुन्हा म्हणाल्या, “यंदाचा नारळ गेला नाही.” त्या आवाजात दोष नव्हता. दोष असता तर आम्हांस सोसणे सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही चाचांच्या घरी गेलो. ते बरेच थकले होते. ओट्यावर बसवून त्यांनी चहा मागविला आणि माळवदाची चौकशी केली. गळले, असे आम्ही सांगितले. ते हसले नाहीत. पन्हळीच्या बाजूची तुळई तपासली होती का, एवढेच त्यांनी विचारले. मग आम्ही पुरचुंडीची गोष्ट काढली. त्यावर चाचा जे बोलले ते आम्ही आठवेल तसे येथे देतो.

“रायरे, अव्वांनी तुमच्यापासून लपवले, मी माझ्या घरापासून लपवले. आमच्यातही शिकलेली माणसे आहेत. नारळ वाहणे आपल्यात नाही, असे ती म्हणत. त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही; किताब मी वाचलेली नाही. मी पाच वेळा नमाज पढतो, आणि वर्षातून एकदा अव्वांचा नारळ नेतो. घरी सांगे की कुंदगोळच्या बाजूला माती पाहायला जातो. तीस वर्षे हे खोटे बोललो. अल्लाला ते ठाऊक आहे. तो काय म्हणेल ते मला ठाऊक नाही. पण आजारी पोराची आई हातात नारळ देते, तेव्हा ‘हे आमच्यात नाही’ असे तिला सांगण्याइतका शहाणा मी कधी झालो नाही.”

आम्ही खाली पाहून म्हणालो, “चाचा, यंदा आम्ही तुम्हांला बोलावले नाही.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. “बोलावले असते तर आलो असतो की नाही, तेही मला ठाऊक नाही,” ते म्हणाले. “गेल्या ऑगस्टापासून मी तुमच्या गल्लीतून जात नव्हतो, मागच्या रस्त्याने जात होतो. तुम्ही दार उघडणार नाही, असे मनात येई. कोणी मला तसे सांगितले नव्हते. मीच ठरवले. ते पद आयुष्यभर म्हटले, पण तेव्हा वाटे की अज्जा दुसऱ्या कोणाच्या घराविषयी बोलतात.”

हे ऐकून आमचे व्याख्यान आम्हांस आठवले. सभेत आम्ही अज्ञानाविषयी तासभर बोललो होतो. आणि ते सारे अज्ञान धर्मांधांचे, अडाण्यांचे, गोविंद भट्टांस छळणाऱ्यांचे, म्हणजे इतरांचे होते. शरीफांनी शेजाऱ्याच्या माळवदाकडे बोट दाखविले नव्हते. ‘माझे घर गळते आणि मला वर चढवत नाही’ असे म्हणणाऱ्या त्या मुसलमान साधूचा कबुलीजबाब आम्ही जगास करावयाच्या उपदेशात रूपांतरित केला होता. ज्यास ते पद केवळ कामाचे गाणे म्हणून ठाऊक, असे आम्ही समजत होतो, त्या गवंड्याने त्याचा अर्थ स्वतःस लावला होता.

प्रत्येक घरात झाकून ठेवलेल्या दोन गोष्टी असतात, असे आम्हांस तेव्हापासून वाटत आले आहे. एक श्रद्धा, जी लोकलाजेस्तव पेटीच्या तळाशी जाते; आणि दुसरी शंका, जी सभ्यपणाच्या थराखाली राहते. मातोश्रींची पुरचुंडी उघड्यावर ठेवली असती तर आमच्या कुलदेवतेचे काही उणे झाले नसते. आमची शंका मात्र झाकली म्हणून वाढली. आम्ही ती कधी मनात स्पष्ट उच्चारलीही नाही, त्यामुळे ती खोडून काढण्याचा प्रसंग आला नाही. देवळात नित्य जाणाऱ्या आमच्यासारख्यांनी यावर थोडा विचार करावा, एवढ्याचसाठी हे घरगुती वृत्त येथे दिले.

त्याच आठवड्यात आम्ही शिशुनाळास गेलो. चाचांना प्रवास झेपणार नव्हता म्हणून त्यांचा मुलगा आमच्याबरोबर आला. मातोश्रींनी दोन नारळ दिले होते. दुसरा कशाचा, असे आम्ही विचारले नाही. गद्दिगेपाशी एक वारकरी वेषातील गृहस्थ आणि एक बुरखा घेतलेली बाई आमच्या पुढे होती. दोघांनाही आमच्यापेक्षा अधिक वेळ लागला. पुढच्या वैशाखात चाचांचा मुलगा माळवदावर चढला. चाचा खाली ओसरीवर बसून सूचना देत होते.

आता चाचा नाहीत, मातोश्रीही नाहीत. घर पाडून आम्ही वर सिमेंटचा स्लॅब घातला, तेव्हा आता निश्चिंत झालो असे सर्वांना वाटले. मागील पावसाळ्यात देवघराच्या कोपऱ्यात ओल दिसली. चाचांच्या मुलास फोन केला. तो म्हणाला, “स्लॅबलाही भेगा पडतात, रायरे. उद्या येतो. तोवर वर चढून पन्हळ मोकळी आहे का, ते बघून ठेवा.” वयामुळे शिडीवर पाय थरथरत होता; पण नातवास खाली धरावयास उभे करून आम्ही चढलो.